रंगांची वाट, बोलांची वाट : ड्रम शिकवणाऱ्या एका खेळाकडे हलगीच्या बाजूने पाहताना

गेल्या उन्हाळ्यात पुण्याला भाच्याकडे आठ दिवस मुक्काम झाला. त्याच्या खोलीत टीव्हीसमोर एक विचित्र वस्तू मांडून ठेवलेली होती. नळ्यांची चौकट, तिच्यावर लाल, पिवळी, निळी आणि हिरवी अशा चार गोल थाळ्या, खाली पायाने दाबायची एक पट्टी आणि काड्यांचा एक जोड. जुन्या सामानाच्या बाजारातून त्याने हे सगळे खेळाच्या डब्यासह आणले होते. खेळाचे नाव ‘रॉक बँड २’. “मामा, बसा की. तुमच्या हलगीसारखंच आहे,” तो म्हणाला. मी बसलो, आणि आठ-दहा मिनिटांत चिडून उठलो. साठ वर्षे हलगी वाजवलेल्या माणसाचा मी मुलगा, आणि पडद्यावरचा लाल ठिपका मला चुकवून निघून जात होता. दुसऱ्या दिवशी पहाटे घरातले उठायच्या आत पुन्हा बसलो. मग मुक्काम संपेपर्यंत रोज बसत राहिलो.

मी संगीत कुठल्या विद्यालयात शिकलेलो नाही. केज तालुक्यातल्या एका खेड्यात वाढलो आणि तालुक्याच्या गावी कारकुनी करत पोट भरले. सुट्टीच्या दिवशी हलगी, संबळ, डफ वाजवणाऱ्यांकडे जाऊन बसायचे आणि ऐकलेले वहीत उतरवायचे, हे गेली तीस वर्षे चालले आहे. त्यामुळे हा खेळ मी करमणूक म्हणून पाहू शकलो नाही. मला त्यात एक पाठ्यपुस्तक दिसले. तालाचा धडा कसा बांधला जातो, त्यात काय लिहिले जाते, काय लिहायचे राहते आणि तो धडा कुणापर्यंत पोहोचतो, हे प्रश्न मी पखवाजाच्या पोथ्यांना विचारत आलो आहे. तेच या खेळालाही विचारावेत म्हणून हा लेख.

१. खेळाची घडण

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पडद्यावर एक रस्ता दिसतो. तो लांबून आपल्याकडे सरकत येतो आणि त्यावरून रंगीत ठोकळे येतात. रस्त्याच्या टोकाला एक रेघ असते. ठोकळा रेघेवर आला त्याच क्षणी त्या रंगाच्या थाळीवर काडी पडली पाहिजे. लाल म्हणजे ड्रममधला स्नेअर. उरलेले तीन रंग झांजा आणि लहानमोठे टॉम यांच्यासाठी. रस्त्याच्या रुंदीभर नारिंगी पट्टी आली की पाय दाबायचा, तो मोठा ढोल. बरोबर लागले की गुण मिळतात, सलग बरोबर लागले तर गुणांची पट वाढते. फार चुकले की गाणे थांबते.

हे घराणे फार जुने नाही. जपानच्या कोनामी कंपनीचा ‘ड्रममॅनिया’ १९९९ साली आला. नामको कंपनीचा ‘ताइको नो तात्सुजिन’ २००१ मध्ये खेळघरांत आला, त्याच्याकडे पुढे वळणार आहे. अमेरिकेत एमआयटीमधून शिकून बाहेर पडलेल्या अ‍ॅलेक्स रिगोपुलोस आणि एरन एगोझी या दोघांनी १९९५ मध्ये हार्मोनिक्स ही कंपनी काढली. ज्यांना वाद्य येत नाही त्यांना वाजवण्याचा आनंद मिळावा ही त्यांची धडपड. त्यांच्या हातून २००५ मध्ये ‘गिटार हीरो’ आणि २००७ मध्ये ‘रॉक बँड’ झाला. दुसऱ्यात गिटार, बास, गाणारा आणि ड्रम असा अख्खा ताफा घरात आला. २००८ च्या ‘रॉक बँड २’ मध्ये ड्रमसाठी स्वतंत्र शिकवणीचा विभाग जोडला गेला. २०११ पर्यंत बाजार बसला आणि ही प्लास्टिकची वाद्ये अडगळीत गेली. भाच्याकडे आली ती त्याच अडगळीतून.

गुण आणि टाळ्या यांच्यावर मी बोलणार नाही. माझा विषय तो शिकवणीचा विभाग आहे.

२. धडा कसा बांधला आहे

या विभागात गाणे नाही, गर्दी नाही, हरणे नाही. एकेक ठेका सुटा करून समोर ठेवला आहे, सोप्याकडून अवघडाकडे. ठेका पुन्हा पुन्हा फिरत राहतो आणि गती आपण ठरवायची. ठेके झाले की फिलचे धडे, म्हणजे ठेक्याच्या मध्ये भरायच्या लहान तुकड्यांचे. गाण्यांच्या सरावातही एखादा अडलेला भाग निवडून तेवढाच हळू गतीने घोटता येतो.

वाचकांपैकी ज्यांनी तबला किंवा पखवाज हाताळला असेल त्यांना यात नवे काही वाटणार नाही. कठीण तुकडा सुटा काढायचा, विलंबित लयीत बसवायचा, हात बसला की लय वाढवायची आणि मग तो मोठ्या रचनेत परत ठेवायचा, रियाजाची हीच रीत आहे. बीड जिल्ह्याला ती कुणी शिकवायला नको. अंबाजोगाईजवळच्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर याच मातीतले. पखवाजासाठी त्यांना १९८६ साली पद्मश्री मिळाली, आणि त्यांचे चिरंजीव उद्धवबापू यांनी तो वारसा पुढे नेला. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ मध्ये स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत आमच्याकडची मुले पिढ्यान्‌पिढ्या जात आली आहेत, आणि परत आली की गावच्या सप्ताहात उभी राहतात.

मग खेळाने वेगळे काय केले? माझ्या मते एकच गोष्ट, पण ती लहान नाही. त्याने चूक फुकट केली. एकच ठेका मी एका सकाळी किती वेळा चुकलो त्याची मोजदाद नाही. कुणी हसले नाही, कुणी सुस्कारा टाकला नाही, ‘तुझा हात बसायचा नाही’ असे कुणी म्हटले नाही. ठेका फिरून पुन्हा आला. गुरुकुलातही चूक सोसली जाते, पण ती गुरूच्या मर्जीवर. इथे चूक सोसणे यंत्राच्या घडणीतच आहे. या मुद्द्याकडे शेवटी परत येईन. आधी या धड्यात काय लंगडे आहे ते पाहू.

३. जागा लिहिणे आणि हात लिहिणे

लंगडेपणाची पहिली खूण मला तिसऱ्या दिवशी सापडली. लाल, लाल, पिवळा, निळा असे चार ठोकळे झपाट्याने आले आणि माझे हात एकमेकांत अडकले. भाचा म्हणाला, “मामा, डाव्यानं सुरू करा, मग अडकत नाही.” पडद्यावर डावे-उजवे कुठेच लिहिलेले नव्हते. ते त्याला सरावाने कळले होते.

म्हणजे हा रंगांचा रस्ता वाद्याची जागा लिहितो, वाजवणाऱ्याचा हात लिहीत नाही. कुठे मारायचे ते सांगतो, कशाने मारायचे ते सांगत नाही.

आता चौतालाचा ठेका घ्या : धा धा दिं ता, किट धा दिं ता, तिट कत गदि गन. बारा मात्रा. ही अक्षरे नुसती आवाजाची नक्कल नाहीत. ‘धा’ म्हटले की दोन्ही हात एकदम. ‘ता’ म्हटले की एकटा उजवा. ‘क’ आला की डाव्या अंगावर बंद आघात. बोल तोंडात आला की हाताला कळते कोणी उठायचे, कुठे पडायचे, पडून राहायचे की उचलून घ्यायचे. जागा, हात आणि नाद या तिन्ही गोष्टी एका अक्षरात बसवणारी लिपी आमच्याकडे तोंडी चालत आली. पलुसकर आणि भातखंडे यांच्या काळात ती कागदावर मात्रा-विभागांत नीट मांडली गेली एवढेच.

हे केवळ आपल्याकडेच आहे असा अभिमान मात्र नको. पाश्चात्त्य ड्रमवाल्यांनीही हात लिहून ठेवला आहे. त्यांचे ‘रुडिमेंट’ म्हणजे मूळ हस्तपाठ. अमेरिकेत १९३३ मध्ये स्थापन झालेल्या रुडिमेंटल ड्रमवाल्यांच्या संघटनेने असे सव्वीस पाठ प्रमाण ठरवले. पुढे १९८४ मध्ये पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटीने ते चाळीसांपर्यंत नेले. त्यातला ‘पॅराडिडल’ पाहा : उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. शब्द उच्चारला तरी चार आघात ऐकू येतात. तो त्यांचा बोलच आहे. म्हणजे खेळाने आपली परंपरा डावलली अशी तक्रार नाही, त्याने स्वतःचीच परंपरा अर्धी उतरवली आहे.

याचे सगळ्यात बोलके उदाहरण याच घराण्यातल्या २००९ च्या बीटल्सवरील खेळात आहे. त्यातही ड्रमचे धडे आहेत, रिंगो स्टारच्या ठेक्यांचे. रिंगो मूळचा डावरा, पण वाजवतो उजव्या हाताच्या माणसासाठी मांडलेल्या ड्रमवर. त्यामुळे फिल सुरू करताना त्याचा डावा हात पुढे येतो आणि तुकड्यांना एक वाकडे, ओढलेले वळण मिळते. त्याच्या वाजवण्याची सगळी ओळख या अडचणीतून आलेली. धड्यात त्याचे ठोकळे रंगांनुसार जागच्या जागी आहेत. हात नाही. रिंगोचे ठेके शिकवणाऱ्या धड्यातून रिंगोच गळाला आहे.

४. आवाज कुणाचा

दुसरी उणीव याहून खोल आहे. खेळातले गाणे वाजवताना थाळीवर काडी बरोबर पडली की मूळ ध्वनिमुद्रणातला ड्रम ऐकू येतो, चुकली की तेवढा बंद होतो. म्हणजे जो आवाज मी ‘माझा’ म्हणून ऐकतो तो माझा नाही. वर्षांपूर्वी एखाद्या स्टुडिओत कुणीतरी वाजवून ठेवलेला आवाज मी फक्त उघडतो आणि मिटतो. थाळीचा स्वतःचा आवाज म्हणाल तर रबरावर काडीचा थपथपाट. शेजारच्या खोलीतून भाचेसुनेला तेवढाच ऐकू येत होता.

किरी मिलर या अमेरिकन संगीत-अभ्यासिकेने २०१२ च्या ‘प्लेइंग अलाँग’ या पुस्तकात या खेळांच्या खेळाडूंचा अभ्यास केला आहे. जिवंत शरीराची हालचाल आणि आधीच मुद्रित झालेला आवाज यांची सांधेजोड हा स्वतंत्र सादरीकरणाचा प्रकार आहे, तो खऱ्या वादनाची नुसती बनावट नक्कल नव्हे, असे त्या मांडतात. खेळणाऱ्यांच्या बाजूने पाहिले तर मला ते पटते. भाच्याच्या अंगात गाणे भिनताना मी डोळ्यांनी पाहिले. पण शिकणाऱ्याच्या बाजूने पाहिले की प्रश्न उरतोच. पखवाजात निकास हा शब्द फार मोलाचा. तोच बोल दोन हातांतून दोन तऱ्हांनी निघतो, आणि गुरूचे निम्मे आयुष्य तो निकास सुधारण्यात जाते. डाव्या अंगाला लावलेली कणीक कमी-जास्त झाली तरी नाद बदलतो, ती किती ओली, किती पसरट, हेही शिकण्यात येते. या खेळात हळू मारा, जोरात मारा, कडेला मारा, मधोमध मारा, गुण तेवढेच. वेळ बरोबर असली की सगळे बरोबर.

माझे वडील लग्नाला किंवा जत्रेला निघाले की आधी पाचट किंवा काटक्या पेटवायचे. हलगीचे चामडे शेकून ताणले गेल्याशिवाय पहिला हात पडत नसे. पावसाळ्यात दर अर्ध्या तासाला जाळ लागायचा. मी लहानपणी शिकलेला पहिला धडा हाच होता : जाळापासून हलगी किती लांब धरायची. लांब धरली तर ढिली, जवळ नेली तर फुटली. हा धडा कुठल्याही रंगात लिहिता येणार नाही. भाच्याची थाळी बारा महिने एकाच ताणावर असते. वाद्य जिवंत कातड्याचे असते, हे ज्याला कधी समजणार नाही असा वादक तिच्यावर तयार होईल.

५. फिल आणि तिहाई

इतके बोलून झाल्यावर खेळातल्या एका जागेला दाद दिलीच पाहिजे. गाणे चालू असताना, पुरेशी ऊर्जा साठली की, मधूनच रस्त्यावरचे ठोकळे नाहीसे होतात आणि चारही रंगांच्या मोकळ्या पट्ट्या येतात. एवढ्या अवकाशात काय वाजवायचे ते तुमचे तुम्ही ठरवायचे, त्याला चूक-बरोबर नाही. अट एकच : शेवटचा आघात नेमक्या जागी हिरव्यावर पडला पाहिजे. तो पडला की साठवलेली ऊर्जा मोकळी होते आणि गुण दुप्पट होतात.

हे पहिल्यांदा झाले तेव्हा मी मोठ्याने हसलो. हे तर समेवर येणे झाले! तिहाईत तुकडा तीनदा म्हणायचा आणि शेवटचा ‘धा’ समेवर टाकायचा. मधल्या वाटेत स्वातंत्र्य, मुक्कामाला बंधन. अमेरिकेत बसलेल्या प्रोग्रामरांना तालाचे हे मर्म त्यांच्या मार्गाने सापडलेले दिसते, याचा मला खरोखर आनंद झाला.

फरक मात्र आहे. खेळाचा रस्ता सरळ आहे. त्यावर मात्रांच्या रेघा आहेत, विभागाच्या जाड रेघा आहेत, पण रस्ता पुढेच जातो, मागे वळत नाही. आपला ताल वर्तुळ आहे. तीनतालात सोळा मात्रांनंतर समच परत येते, नववीवर खाली असते, आणि तिहाई धरणाऱ्याला आपण वर्तुळात कुठे आहोत हे डोळे मिटूनही ठाऊक असावे लागते. खेळात हिरवा ठोकळा लांबून दिसतो. वाट पाहायची, मोजायचे नाही. आठ दिवसांत माझी नजर तयार झाली, मोजणी तयार झाली नाही. एका संध्याकाळी भाच्याला म्हटले, “टीव्ही बंद कर आणि आता वाजव.” रोज सहज वाजवत असलेला ठेका त्याने चार आवर्तने धरला आणि मग तो ओशाळला. पडद्याने हात धरून चालवले होते, हात सोडल्यावर पाय अडखळले. धड्याची परीक्षा धडा संपल्यावर होते, आणि या परीक्षेत हा धडा अर्धाच उतरला.

६. डोन आणि का

आता ‘ताइको नो तात्सुजिन’. जपानमधल्या खेळघरांत यासाठी खरोखरच ढोलासारखे वाद्य उभे केलेले असते. रंग दोनच. लाल म्हणजे पानावर आघात, निळा म्हणजे काठावर. आणि ठोकळ्यांखाली अक्षरे येतात : लालखाली ‘डोन’, निळ्याखाली ‘का’. जपानी ढोल पूर्वापार असाच तोंडाने शिकवला जातो. त्या बोलांना ते कुचि-शोगा म्हणतात. म्हणजे अमेरिकी खेळाने जे सोडले ते जपानी खेळाने थोडे तरी धरले. रंगाला बोल जोडला. मुले आधी ‘डोन डोन का’ म्हणतात आणि मग मारतात. आपल्या लोकवाद्याला एखाद्या समाजाने इतक्या सहजपणे यंत्रात आणले हे पाहून हेवा वाटतो.

पण या खेळाचेही एक मौन आहे. जपानमध्ये ढोलाचे चामडे कमावण्याचे आणि ढोल बनवण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या बुराकू लोकांकडे राहिले. मेलेल्या जनावरांचे आणि कातड्याचे काम करणारे म्हणून त्यांना अपवित्र मानले गेले, वेगळ्या वस्तीत ठेवले गेले. देवळाच्या उत्सवात ढोल पवित्र, आणि तो घडवणारा हात विटाळाचा. हे वाचले त्या दिवशी मला दुसरे काही सुचले नाही. आमच्या वाड्यापासून तिथवर किती अंतर आहे ते नकाशात पाहिले आणि पुस्तक मिटले. खेळातला ढोल मात्र गोल चेहऱ्याचा, हसरा आहे. त्याला कातडे नाही, म्हणून ते कमावणाराही नाही.

७. धडा कुणाला

मी मातंग घरातला. वडील दिवाळीपर्यंत गावात हलगी वाजवत. दिवाळी झाली की कोयता घेऊन आईसोबत ऊस तोडायला कारखान्यावर, ते उन्हाळ्याच्या तोंडाला परत. बीड जिल्ह्यातल्या हजारो घरांचे हेच पंचांग. माझी शाळा आणि माझे शिकणे दरवर्षी त्या सहा महिन्यांत तुटत असे.

अकरा-बारा वर्षांचा असताना गावच्या सप्ताहात मला पखवाजाचे वेड लागले. देवळाच्या ओट्याखाली बसून मी बोल ऐकत असे आणि मांडीवर वाजवत असे. चौताल मला तिथेच पाठ झाला. एकदा धीर करून शिकवणाऱ्यांना म्हटले, मलाही दाखवा. त्यांनी माझ्याकडे पाहिले, वडिलांचे नाव विचारले आणि म्हणाले, “तुला कशाला रे? तुमच्या घरात वाजवणं आहेच की.” आवाजात राग नव्हता, वाईट हेतूही बहुधा नव्हता. त्यांच्या लेखी ती वस्तुस्थिती होती. पखवाज शिकायचा असतो, हलगी घरात असते. एकाला विद्या म्हणतात, दुसऱ्याला काम. मी घरी आलो तेव्हा वडील हलगीची कड दुरुस्त करत बसले होते. काय झाले ते त्यांनी विचारले नाही. त्यांना कळले असावे.

त्या माणसाचा हिशोब मी या पानावर चुकता करत नाही. तो गेला, त्याला बरीच वर्षे झाली. पुढे त्याच गावातल्या दुसऱ्या एका वारकऱ्याने मला स्वतः बोलावून टाळ दिले. परंपरा एकाच तोंडाने बोलत नाही. पण धड्याविषयी लिहिताना हे सांगणे भाग होते. कारण आठ दिवस त्या प्लास्टिकच्या थाळ्यांसमोर बसून मला जे वाटत होते ते लय-मात्रांपलीकडचे होते. धडा सुरू करताना यंत्राने वडिलांचे नाव विचारले नाही. तो हात नीट लिहीत नाही, नाद ओळखत नाही, वर्तुळाला सरळ करतो, हे सगळे मी वर लिहिले आणि त्यातला एकही शब्द मागे घेत नाही. तरीही चौपन्नाव्या वर्षी, पहाटे, चुकत-माकत, कुणी उठवून न लावता ताल शिकायला बसण्याचे सुख मला पहिल्यांदा त्याने दिले.

इथे स्वतःलाच बजावतो. यंत्राला दार नाही असे नाही, त्याचे दार किमतीचे आहे. नवे असताना हा संच विकत घेणे कोयत्यावरच्या घराच्या आवाक्यात नव्हते. त्याचे शब्द इंग्रजी, त्याची गाणी इंग्रजी. आणि कंपनीला परवडेनासे झाले की धडा बाजारातूनच उठतो. गुरू मर्जीचा असेल, पण त्याच्या मुलाला तरी शिकवून जातो. यंत्र कुणालाच उत्तराधिकारी करत नाही.

शिवाय एक प्रश्न आम्हाला स्वतःलाही आहे. पखवाजाचे दार बंद होते हे खरे. पण हलगीचा धडा आम्ही तरी कुठे बांधला? ‘घरात आहेच की’ हे वाक्य त्या माणसाने म्हटले, आणि आम्ही ते खरे धरून चाललो. वडिलांनी मला कधी ‘शिकवले’ नाही. मी पाहत गेलो. ज्यांनी पाहिले नाही, जी मुले ऊसतोडीच्या तांड्यावर वाढली, आता जी पुण्यात-पिंपरीत वाढताहेत, त्यांच्यापर्यंत काहीच गेले नाही. भाच्याला इंग्रजी गाण्यांचे कितीतरी ठेके येतात. आजोबांचा एकही येत नाही. यात दोष त्याचा नाही. त्याच्यासाठी तो सुटा करून, हळू करून, पुन्हा पुन्हा समोर कुणी ठेवलाच नाही.

८. वहीतला बदल

माझ्या वह्यांमध्ये हलगीचे ठेके आहेत, पण ते मी पखवाजाच्या अक्षरांत लिहिलेले आहेत. कारण लिहिण्याजोगी अक्षरे तीच, असे मी इतकी वर्षे मानत आलो. हलगीला दोन काठ्या : एका हातात आखूड आणि जाड, दुसऱ्यात लांब, बारीक, लवचिक. जाड काठीचा आवाज पानाच्या मध्यावर वेगळा, कडेजवळ वेगळा. बारीक काठी वरच्या कडेवरून सरपटते, तिचा आघात मोजला तर एक, ऐकला तर दीड. यातले ‘धा’ आणि ‘ता’मध्ये काय मावणार? लिहून झाले की मलाच ते वाचून वाजवता येत नसे, आणि मी समजायचो की माझेच ज्ञान अपुरे आहे.

पुण्याहून आल्यावर मी नवी वही घातली. खेळाकडून जागा घेतली : मध्याला लाल शाई, कडेला निळी. पखवाजाकडून आवर्तन घेतले : ठेका सरळ ओळीत न लिहिता गोल लिहायचा, म्हणजे सम परत येताना डोळ्याला दिसते. रुडिमेंटवाल्यांकडून हात घेतला : जाड काठी रेघेच्या खाली, बारीक काठी वर. अक्षरे मात्र वडिलांची. ते ठेका सांगताना जीभ टाळूला लावून जे आवाज काढत ते जसेच्या तसे लिहायचे, पुस्तकी करायचे नाहीत. त्यांच्या आवाजाची एकच कॅसेट माझ्याकडे आहे, तिची एक बाजू लग्नाच्या गोंगाटात बुडालेली. दुसरी ऐकून आतापर्यंत सात ठेके उतरवले. नवरदेव निघताना वाजायचा तो, परण्या मारुतीला पोचल्यावर बदलायचा तो, आणि मयतीला चालताना वाजायचा तो, ज्यात बारीक काठी जवळजवळ गप्प असते.

या दसऱ्याला भाचा गावी आला तेव्हा त्यातला पहिला त्याच्यासमोर ठेवला. त्याने वही आडवी-उभी फिरवून पाहिली. “गोल का लिहिलंय?” म्हणाला. सांगितले. मग त्याने विचारले, “स्पीड किती ठेवू?” मी म्हटले, अर्धी. वडिलांची हलगी खुंटीवर होती. ती खाली काढली, अंगणात पाचट पेटवली, आणि किती लांब धरायची ते त्याला दाखवले. पहिल्या फेरीत तो चुकला, दुसऱ्यात चुकला. मी काही बोललो नाही. ठेका फिरून पुन्हा पहिल्या मात्रेवर आला, आणि त्याने काठी उचलली.